घरीं जोडलेली तीनचाकी

पाय पुढें पसरून, रेलून चालवावयाची तीनचाकी सायकल मुलांनीं घरीं जोडूं नये, असें कांहीं पालक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हें हात काळे केल्यावांचून कोण शिकेल? मात्र जोडणारानेंच तपासणी करावी, हें आम्हांस नापसंत आहे. एकदां विसरलेला बोल्ट तो पुन्हांही विसरतो. पुढील दोन चाकांस निरनिराळे ब्रेक असून एक घट्ट व दुसरा सैल राहिला, तर जोरानें दाबतांच गाडी एकीकडे ओढली जाते. म्हणून घरांतील वडील माणसानें प्रत्येक बोल्ट पान्यानें पाहावा. पहिली फेरी सपाट अंगणांतच व्हावी. इतकी ठेंगणी गाडी ट्रक हांकणारास चटकन दिसत नाहीं. उंच काठीस निशाण लाविल्यावांचून ती फाटकाबाहेर नेऊं देऊं नये.