विद्यापीठाला टाळे लागते तेव्हा

मुलगी उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला निघाली की घरात थंडीचे कपडे, मसाल्याचे डबे आणि भाषेचा क्लास यांचीच चर्चा होते. एखाद्या सकाळी विद्यापीठाच्या दारात खुर्च्या-टेबलांचा ढीग रचलेला असेल आणि आत जाताच येणार नाही, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

२००६ मध्ये असेच झाले. पंतप्रधान दोमिनिक द व्हिलपँ यांच्या सरकारने २६ वर्षांखालील तरुणांसाठी नोकरीचा नवा करार आणला. पहिली दोन वर्षे मालकाला कारण न सांगता त्यांना काढून टाकता येणार होते. यामुळे तरुणांना नोकऱ्या मिळतील, असे सरकार म्हणत होते. डोक्यावर टांगती तलवार असलेली नोकरी ती कसली, असा तरुणांचा सवाल होता. फेब्रुवारीत रेन शहरातले विद्यापीठ बंद पडले आणि हे लोण देशभर पसरले. ११ मार्चच्या पहाटे पोलिसांनी पॅरिसच्या सोर्बोनमध्ये ठाण मांडलेल्या विद्यार्थ्यांना बाहेर काढले. मग कामगार संघटनाही रस्त्यावर उतरल्या आणि १० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी तो करार मागे घेतला.

अशा वेळी परदेशी विद्यार्थ्याची मात्र कोंडी होते. तास बंद असले तरी खोलीचे भाडे थांबत नाही. राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करताना अभ्यास खरोखर चालू आहे का, हे पाहिले जाते. गावी वडिलांनी कर्ज काढलेले असते. मग ‘यांच्या भांडणात आमचे वर्ष का बुडावे?’ असा राग येणे साहजिकच आहे.

पण गोष्ट इथेच संपत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वाढवण्याचे जाहीर केले. पदवीची वार्षिक फी १७० युरोंवरून २,७७०, तर पदव्युत्तर शिक्षणाची २४३ वरून ३,७७० होणार होती. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या खिशाला याची झळ नव्हती. तरीही ते परदेशी मुलांच्या बरोबरीने रस्त्यावर आले, त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०२० मध्ये न्यायालयाने फीवाढ वैध ठरवली. मात्र अनेक विद्यापीठांनी आपल्या अधिकारात परदेशी विद्यार्थ्यांना सूट दिली. कालपर्यंत ज्यांच्या नावाने बोटे मोडली, तेच पाठीशी उभे राहिले होते!

म्हणून आंदोलन म्हणजे सुट्टी समजून भटकणे जसे चूक, तसेच ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून दार लावून घेणेही चूक. प्राध्यापकांना पत्र लिहून अभ्यास मागून घ्यावा, परीक्षेच्या बदललेल्या तारखांवर लक्ष ठेवावे, सगळे कागद जपून ठेवावेत. दगडफेक, अश्रुधूर असेल तिथून लांब राहावे. पण विद्यार्थ्यांच्या सभेत जाऊन भांडण कशाचे आहे, ते जरूर ऐकावे. पालकांनीही फोनवर ‘तू कशात पडू नकोस’ एवढेच न सांगता ‘ती मुले काय मागताहेत?’ हेही विचारावे. परक्या देशाची ओळख त्याच्या भांडणांतूनही होते.