‘बट’ काढा, ‘ऑल्दो’ घाला. पण अर्थाचे काय?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी अर्जांत आणि कार्यालयीन पत्रांत ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. या चुकीमागे मराठीचे वळण आहे. ‘जरी तो आजारी होता, तरी आला’ यातले ‘जरी’ गाळले तर चालते, ‘तरी’ गाळले की वाक्य लंगडते. इंग्रजीत मात्र ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ यांपैकी एकच पुरते. हा फरक उलगडून सांगण्याऐवजी आपण मुलांना ‘बट काढा, ऑल्दो घाला’ असा वाक्यरूपांतराचा सराव देतो. त्यातून विरोध दाखवणारे सारे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल चालतात, असा समज पक्का होतो.

तसे ते चालत नाहीत. ‘काम चांगले झाले, पण उशिरा’ आणि ‘काम उशिरा झाले, पण चांगले’ यांत माहिती तीच, शेरा मात्र उलटा. ‘बट’ पुढच्या भागाला वजन देते, ‘ऑल्दो’ आपल्याच भागाचे वजन कमी करते. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण. नुसत्या स्वल्पविरामावर ते दोन वाक्ये जोडू शकत नाही, त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ची चूक तर महागात पडते. ते आधीचे विधान खोडते; दुसरी बाजू मांडायला ‘ऑन द अदर हँड’ लागते. ‘माल चांगला आहे, ऑन द कॉन्ट्ररी, भाव जास्त आहे’ असे लिहिणारा आपल्याच मालाच्या चांगुलपणावर काट मारतो.

यावर कोणी म्हणेल, अर्थ कळला ना, मग शुद्धतेचा सोस कशाला? शिवाय भाषा बदलते. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘दो’ (जरी) आणि ‘येट’ (तरी) यांची जोडी आहेच. मुद्दा रास्त आहे, म्हणून बोलताना कोणी चुकले तर हसू नये. पण पत्र वाचणाऱ्याला उलट विचारण्याची सोय नसते. त्याच्यापुढे फक्त कागद असतो. मोठ्या वर्गात अर्थ शिकवायला वेळ नाही, ही शिक्षकांची अडचणही खरी. तरीही परीक्षेत वाक्यरूपांतराच्या त्याच एका गुणासाठी प्रश्न बदलता येईल: दोन गोष्टी द्या, त्यातली कोणती ठसवायची ते सांगा आणि शब्द निवडायला लावा. तपासायला वेळ तेवढाच लागेल. मुलाला मात्र लिहिण्याआधी आपल्याला काय म्हणायचे आहे, ते ठरवावे लागेल.