फलक एकदा उतरवून बघा

पेठेतल्या दुकानदारांनो, आणि त्या दुकानांच्या वर माडीवर राहणाऱ्यांनो,

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही दुकानाचा फलक दुरुस्तीला उतरवला. लक्ष्मी रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि वाडा आजोबांच्याही आधीचा. पंधरा वर्षांपूर्वी मीच हौसेनं वीस फूट लांब आणि सहा फूट उंच फलक ठोकला होता. लोखंडी चौकट, वर फ्लेक्स, आत ट्यूबलाइटी. शेजाऱ्यानं पाच फुटी लावला म्हणून माझा सहा फुटी, दुसरं काही कारण नव्हतं. फलक खाली आला तेव्हा मागून कबुतरांची पोतंभर घाण निघाली. सागवानी तुळईत जिथं जिथं बोल्ट मारले होते, तिथं पाणी मुरून लाकूड काळं पडलेलं. एका टोकाला वाळवी लागलेली, बोट दाबलं तर आत जात होतं. आणि इतकी वर्षं झाकलेला माडीचा सज्जा उघडा पडला. त्याच्या कोरीव कठड्याशी बसून आई विसर्जनाची मिरवणूक बघायची. पुढं आम्ही ती टीव्हीवर बघत होतो, मिरवणूक खालून जात असताना.

सुतारानं तुळईचा जो आकडा सांगितला, तो फलकाच्या किमतीच्या तिप्पट होता.

हे सांगायचं कारण असं की आता पुन्हा मोठ्या फलकांचे अर्ज निघतात आणि त्यात आपला लाडका शब्द असतो, 'खास बाब'. नियमातलं माप अमुक, पण आमचं दुकान आत आहे, रस्ता अरुंद आहे, समोर झाड आहे, तेव्हा खास बाब म्हणून मोठ्या फलकाला परवानगी मिळावी. मीही असा अर्ज लिहिलेला आहे. कारणं बरी सुचतात.

पण सवलत म्हणजे काय, ते नीट बघा. बांधकामाच्या मापांत सूट देण्याचा अधिकार विकास नियंत्रण नियमावलीनं आयुक्तांना दिलेला आहे. त्याला अट अशी की अडचण खरीखुरी आणि दाखवता येण्याजोगी हवी, आणि सूट दिल्याचं कारण लेखी नोंदवायला हवं. शेजाऱ्याचा फलक मोठा आहे, ही अडचण नव्हे. अडचण बघायची असेल तर शनिवारवाड्याच्या आसपास जा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण, असा कायदा 2010 च्या दुरुस्तीपासून आहे. तिथल्या वाड्यांत गळकं छप्पर नीट करायलाही दिल्लीपर्यंतच्या नियमांकडं बघावं लागतं. त्या मंडळींसमोर आपण 'फलक दिसत नाही हो' म्हणून रडगाणं गावं, हे मला तरी आता लाजिरवाणं वाटतं.

महापालिकेच्या वारसा यादीतल्या इमारतीवर फलक लावायचा, तर प्रकरण वारसा समितीच्या मताला जाऊ शकतं. तेव्हा आकाशचिन्ह व परवाना विभागात जाण्याआधी आपली इमारत यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, एवढं विचारून घ्या. फलक बनवणारा हे सांगत नाही. तो चौरस फुटावर पैसे घेतो.

आता मोठा फलक खरंच लागतो का? फलकाच्या धंद्यातला जुना ढोबळ हिशेब आहे : दहा फुटांवरून सहज वाचता यावं, तर अक्षर एक इंच उंच हवं. समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक चाळीस-पन्नास फुटांवर असतं. त्याला पाच इंची अक्षर पुरतं, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी आठ इंची करा. माझ्या सहा फुटी फलकावर दुकानाचं नाव जेमतेम दीड फुटात होतं. उरलेल्या जागेत कुकर कंपनीचं चिन्ह, दोन मोबाइल नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्य. कंपनी फुकट फलक देते तेव्हा आपण खूश होतो. पण परवाना विभागाच्या लेखी दुकानाचा नामफलक वेगळा आणि दुसऱ्याच्या मालाची जाहिरात वेगळी. भाडं न घेता आपण आपली भिंत कंपनीला दिलेली असते.

मराठी पाटीचं निमित्तही पुढं केलं जातं. दुकानांवर देवनागरीत मराठी नाव हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हा नियम 2022 मध्ये लहान दुकानांनाही लागू झाला. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियम चांगलाच आहे. पण त्यात फलक वाढवा असं कुठंही म्हटलेलं नाही. इंग्रजी लहान केलं की काम भागतं.

मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर हाच गुंता होता. दगडी कमानींवर फलकावर फलक चढलेले, कमानी नावालाही दिसत नव्हत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी फलक कमानीच्या आत बसवण्याची मांडणी तयार केली, दुकानदारांना ती पटवून दिली, आणि दुकानदार संघटना करून सोबत उभे राहिले. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्या कामाची दखल घेतली गेली. फलक लहान झाले म्हणून तो रस्ता काही ओस पडला नाही. जयपूरच्या जुन्या बाजारांत तर एकसारख्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत दुकानांची नावं असतात, आणि खरेदीला आपल्याच आयाबहिणी तिथं जातात.

पडझडीचं फार बोलत नाही. 5 ऑक्टोबर 2018 ला आपल्या पुण्यातच जुन्या बाजाराच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला, चार जण गेले. घाटकोपरला मे 2024 मध्ये 17 गेले. ते होर्डिंग, हा फलक, हे कबूल. पण कुजलेल्या तुळईला टांगलेलं लोखंड माणसाच्या डोक्यावर पडतं, तेव्हा परवान्यावर काय शब्द आहे, ते कोण बघतं?

डिसेंबर 2021 मध्ये महापालिकेनं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. एक दिवस वाहनं बंद, लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते. गाडी अंगावर येण्याची भीती नसल्यानं प्रथमच माना वर होत्या. एक लहान मुलगी आजोबांना विचारत होती, "या घरांना खिडक्या नाहीत का?" आजोबांनी बोट दाखवलं, ते माझ्याच फलकाकडं.

आता आमचा फलक दहा फूट बाय दोन फूट आहे, पत्र्याचा, रंगाऱ्याकडून हातानं लिहून घेतलेला. तो तुळईला नाही, खालच्या दुकानाच्या चौकटीला बसवलाय. रात्री वरून एक दिवा पुरतो. पहिल्या आठवड्यात शेजारी विचारून गेले, धंदा कसा आहे. नेहमीसारखाच आहे, दसऱ्याला बरा आणि पितृपक्षात मंदा.

तुमची मोठ्या फलकाची फाइल अजून टेबलावर असेल, तर दिवाळीच्या रंगकामाआधी एक काम करा. सुताराला बोलवा, फलकाचे चार बोल्ट सैल करा, आणि मागं टॉर्च मारून बघा. अर्ज पुढं न्यायचा की मागं घ्यायचा, ते नंतर ठरवा.