जमा कोणाची, खर्च कोणाचा?

शेतीच्या आधुनिकीकरणाविषयी मराठी वाङ्मयात दोन ठरीव भूमिका आढळतात. एक भूमिका प्रत्येक नव्या यंत्रात मुक्तीचा मार्ग पाहते. दुसरी बैल, मोट आणि शेणखत यांच्या आठवणीने व्याकूळ होते. या दोहोंतील विरोध वरवरचा आहे. दोघींनाही अवजार दिसते. ते ज्याच्या हाती असते तो माणूस दिसत नाही.

स्मरणरंजनात रमणाऱ्यांना एका गोष्टीचा सोयिस्कर विसर पडतो. 1883 मध्ये लिहून पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुले यांनी कुणब्याच्या दैन्याचे विदारक चित्र रेखाटले. परंतु जुन्या शेतीची आरती ओवाळली नाही. तळी-बंधारे बांधावेत, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातील शेतकीच्या शाळा दाखवाव्यात, असे उपाय त्यांनी सुचविले. नवे ज्ञान नाकारणे म्हणजे शेतकऱ्याचा कैवार घेणे नव्हे, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

हरितक्रांतीची जमेची बाजूही नाकारता येत नाही. 1965 आणि 1966 च्या अवर्षणांत देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर विसंबून होता. 1966 मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे आले. भरपूर खत मिळताच उंच वाण लोळत असे. बुटका वाण कणसाच्या भाराने आडवा होत नसे. 1964-65 मधील सुमारे सव्वा कोटी टनांचे उत्पादन 1970-71 पर्यंत जवळजवळ दुप्पट झाले. भुकेल्याच्या ताटात पडलेल्या पोळीला तुच्छ लेखणे पोट भरलेल्यालाच परवडते.

तथापि जमेची बाजू मोठी असली म्हणून खर्चाची बाजू पुसली जात नाही. पंजाबात हमीची खरेदी आणि शेतीला मोफत वीज मिळाल्यावर भाताचे पीक पसरले आणि भूजल खोल गेले. ते वाचविण्यासाठी 2009 च्या कायद्याने 10 जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. लावणी लांबली, तशी कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती थोडेच दिवस उरले. कापणीयंत्राने मागे ठेवलेले खुंट जाळणे हाच स्वस्त मार्ग ठरला. धूर दिल्लीपर्यंत पोहोचला, तेव्हा गुन्हेगार म्हणून शेतकऱ्याकडे बोट दाखविले गेले. ज्या धोरणाने त्याला भाताकडे वळविले, त्या धोरणाला मात्र कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही.

विदर्भाची कथा निराळी नाही. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हे खरे. पण पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणाला पुरून उरली. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-मजुरांनी प्राण गमावले. त्यांनी हातमोजे व मुखवटे वापरले नव्हते, असे सांगण्यात आले. विष विकताना आणि त्याची शिफारस करताना ही साधने त्याच्या हाती का पडली नाहीत, हा प्रश्न मागेच राहिला.

‘तंत्र निर्दोष असते, वापर सदोष असतो’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. ज्याच्यापाशी कर्जाचे बियाणे, दुकानदाराचा सल्ला आणि पावसाचा भरवसा एवढेच भांडवल आहे, त्याच्या हाती तंत्र कसे वापरले जाईल, हे आधीच ठाऊक असते. ते ठाऊक असून केलेली शिफारस निर्दोष कशी?

वादाचा मुद्दा जुने की नवे, हा नाहीच. नव्या तंत्राचा नफा राष्ट्राच्या खात्यावर जमा होतो आणि त्याच्या अपयशाचा खर्च सर्वांत लहान शेतकऱ्याच्या व सर्वांत गरीब मजुराच्या नावे पडतो, हा अन्याय आहे. शिफारस करणाऱ्याने नुकसानीचाही वाटा उचलावा, एवढी साधी अट घातली तरी पुष्कळ उत्साह ओसरेल. आणि जे तंत्र त्यानंतरही टिकेल, त्याचे स्वागत करण्यास शेतकऱ्याला कोणाच्या उपदेशाची गरज भासणार नाही.