तोंडी मक्ता आणि जादा काम

सुगी आटोपली, की आमच्या बेळगाव-खानापूरकडील खेड्यांतून घरांची कामे निघतात. जांभ्या दगडाचे ढीग पडतात, मक्तेदारास विसार दिला जातो. आणि चौरस फुटाचा दर सोडला तर बाकी सारे बोलण्यावरच राहते. आपल्याच माणसाशी कागद कसला करावयाचा, असा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. आमच्या मते आपला माणूस आहे म्हणूनच कागद करावा. परक्याशी बिनसले तर त्याचे तोंड पुन्हा पाहावे लागत नाही. हा मात्र दर रविवारी मिस्साला शेजारच्या बाकावर असावयाचा.

तोंडी करार कायद्याने निरर्थक असतो, हा समज चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्यान्वये असा मक्ताही सामान्यतः बंधनकारक असतो. अडचण येते ती पुराव्याची, आणि तीही बहुधा जादा कामाच्या बाबतीत. जोते फूटभर उंच करा, न्हाणीघरास फरशी लावा, असे मालक जाता जाता सांगतो. मक्तेदारही होकार देतो. गिलावा होईपर्यंत पैशाचा शब्द कोणीच काढीत नाही. शेवटच्या हप्त्याच्या वेळी मग मालक म्हणतो, हे सारे दरातच धरले होते. मक्तेदार म्हणतो, ते निराळे होते.

अशा वेळी त्याच कायद्याचे ७० वे कलम उपयोगी पडते. फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे, असा त्याचा आशय. १९४४ साली बंगालमधील आरामबाग येथे एका मक्तेदार पेढीने नागरी पुरवठा खात्यासाठी कचेरी, स्वयंपाकघर वगैरे बांधून दिले. करार रीतसर झालेला नाही, असे म्हणून सरकारने पैसे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये पेढीच्या बाजूने कौल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचे. त्यांचा जन्म साताऱ्याचा, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. बांधकाम नको असेल तर ते काढून नेण्यास सांगता येते. ते स्वीकारून वापरल्यावर मात्र मोबदला टाळता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तथापि मक्तेदारांनी हुरळून जाऊ नये. जे काम मूळ करारातच आले आहे, त्यासाठी या कलमाचा आधार मिळत नाही. शिवाय पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. नातेसंबंधाच्या भिडेने ही मुदत सहज निघून जाते.

मालकासही दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. उशिराबद्दल दररोज अमुक रुपये दंड, असे करारात लिहिले म्हणून तेवढी रक्कम आपोआप पदरात पडत नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. दुसरे असे, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा मानलेली आहे. राहत्या घराचे काम निकृष्ट झाले, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही.

बांधकामावर एक साधी वही ठेवावी. जादा काम निघाले, की त्याच दिवशी त्याचे माप, दर आणि तारीख लिहून उभयतांनी सह्या कराव्यात. दिलेले पैसेही तिच्यातच मांडावेत. पायाची खोली भर घालण्यापूर्वी आणि सळईचे माप काँक्रीट ओतण्यापूर्वी टिपून घ्यावे.