स्टॉपरला रविवार द्या

16 जून 2014, सोमवारची पहाट. आपल्याकडं साडेतीन वाजले होते आणि तिकडं ब्राझीलमध्ये माराकाना मैदानावर अर्जेंटिना विरुद्ध बोस्निया हा सामना सुरू झाला होता. बोस्नियाचा विश्वचषकातला हा पहिलावहिला सामना. तिसरं मिनिट चालू असतानाच मेस्सीची फ्री किक आली, एकाच्या डोक्याला घासून चेंडू खाली उतरला आणि बोस्नियाच्या डाव्या बॅकच्या पायाला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. सेआद कोलाशिनात्स हे त्या पोराचं नाव. एकवीस पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. विश्वचषकाच्या इतिहासातला सगळ्यांत झटपट स्वयंगोल त्याच्या नावावर चढला.

बोस्निया 2-1 असा हरला. पण प्रशिक्षकानं त्या पोराला बाहेर काढलं नाही, तो शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला. तीन वर्षांनी तो आर्सेनलमध्ये होता आणि 2024 साली अटालांटाकडून त्यानं युरोपा लीग जिंकली. मधे 2019 मध्ये लंडनच्या रस्त्यावर चोरांनी सहकारी ओझिलची गाडी अडवली, तेव्हा हा गडी खाली उतरून हत्यारबंद चोरांवर नुसत्या हातांनी धावून गेला. त्याची चित्रफीत जगभर फिरली. मैदानावरच्या बचावाला एवढी प्रसिद्धी कधी मिळत नाही.

बोस्नियाची लोकसंख्या 2013 च्या जनगणनेत 35 लाखांच्या घरात होती. आपला सोलापूर जिल्हा 2011 मध्येच 43 लाखांच्या पुढं गेलेला. म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत मोजलं तर आपण त्या देशाहून जास्त आहोत. अर्थात हिशेब इतका सरळ नाही. कोलाशिनात्स जन्मला जर्मनीतल्या कार्ल्सरुह शहरात, 1993 साली, बोस्नियात युद्ध चालू असताना. त्या युद्धानं लाखो माणसं देशोधडीला लागली, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन असं मिळेल तिथं स्थिरावली आणि त्यांची पोरं तिथल्या क्लबांत खेळू लागली. तारिक मुहारेमोविच हा बोस्नियाचा आजचा तरुण स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, 2003 चा, जन्म स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाचा. ऑस्ट्रियात घडला, युव्हेंटसच्या युवा संघात गेला, तिथून सासुओलोत. अशा क्लबांत सहा-सात वर्षांच्या पोरापासून प्रत्येक वयाचा संघ असतो आणि हंगामभर जवळपास दर आठवड्याला सामना. शनिवारी घोळ घातला की पुढच्या शनिवारी तो निस्तरायची संधी.

आता आपल्या राज्यातला बॅक घेऊ. राहुल भेके, मुंबईचा, जन्म डिसेंबर 1990 चा. उजवा बॅक म्हणूनही खेळतो, स्टॉपर म्हणूनही. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळा ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी असं करत 2017 मध्ये तो बेंगळुरूला पोचला. यातले मुंबई एफसी आणि पुणे सिटी हे दोन्ही क्लब आज अस्तित्वात नाहीत. पहिला 2017 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला आणि मिटला, दुसरा 2019 मध्ये बंद झाला. ज्या शिड्या चढून माणूस वर गेला त्या त्याच्यामागं काढून घेतल्या, असं म्हणायला हरकत नाही.

मार्च 2019 मध्ये इंडियन सुपर लीगची अंतिम लढत अंधेरीत झाली. गोवा आणि बेंगळुरू, गोल कुणाचाच नाही, जादा वेळही संपत आलेला. कॉर्नर आला आणि भेकेनं हेडर मारून बेंगळुरूला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मुंबईचा पोरगा, मुंबईच्या मैदानावर, दुसऱ्याच शहराच्या रंगात. जूनमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढं तो मुंबई सिटीत आला, आणि एप्रिल 2022 मध्ये रियाधला त्याच्याच गोलानं मुंबई सिटीनं इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला 2-1 हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ. 2024 मध्ये कर्णधार म्हणून त्यानं मुंबई सिटीसाठी करंडक उचलला.

आणि मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध भारतासाठी पहिला गोल, चौतिसाव्या वर्षी. भारत सव्वा वर्षाहून जास्त काळानं जिंकला होता. पण त्या संध्याकाळी सुनील छेत्री निवृत्ती मागं घेऊन परतला होता आणि त्यानंही गोल केला. दुसऱ्या दिवशी मथळे कुणाचे होते हे सांगायची गरज नाही.

भेकेची अशी चार-पाच हेडरं मला आठवतात. त्यानं अडवलेले फॉरवर्ड आठवत नाहीत, आणि त्याचा पगार तर त्याच कामाचा. तोही 2025 च्या ऑगस्टमध्ये अडला. तोवर तो पुन्हा बेंगळुरूत परतला होता. लीगच्या हक्कांचा करार संपत आला, नवा होईना, म्हणून जुलैमध्ये पुढचा हंगाम लांबणीवर टाकला गेला आणि बेंगळुरू क्लबनं आपल्या मुख्य संघाचे पगार थांबवले. भारताकडून खेळणाऱ्या माणसाची ही गत, तर खालच्यांचं काय.

खालचा म्हणजे आमच्या गल्लीतला एक पोरगा. नववीत आहे, शाळेच्या संघात स्टॉपर. मी त्याला सकाळी मैदानावर बघत असतो. उजव्या बॅकला तेलुगूत ओरडतो, गोलकीपरला मराठीत, पुढच्या हाफला आपल्या सोलापुरी हिंदीत. ‘चढू नको बे, माणूस धर’ हे तर त्याचं अखंड चालू. जमीन मुरमाची. तिच्यावर स्टड रुतत नाहीत म्हणून पोरं कॅनव्हासच्या बुटांत खेळतात, आणि स्लायडिंग टॅकल मारायचा म्हणजे मांडीची साल काढून घ्यायची. त्यामुळं हा गडी कधी आडवा पडतच नाही. समोरचा आला की अंगावर न जाता दोन पावलं मागं सरकतो, त्याला हळूहळू टचलाइनकडं ढकलतो आणि चेंडू पायापासून जरा लांब गेला की पंजा घालतो. चांगले प्रशिक्षक हेच घसा फोडून शिकवतात. याला ते मुरमानं शिकवलं.

गेल्या शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत एक उंच चेंडू आला. याला वाटलं टप्पा अंगावर येईल. तो कडक जमिनीवर आपटून डोक्यावरून गेला, मागचा फॉरवर्ड एकटा सुटला आणि गोल. एक-शून्य. स्पर्धा बाद पद्धतीची, त्यामुळं पोराचं फुटबॉलचं वर्ष त्या दुपारीच संपलं. पुढचा टप्पा कसा ओळखायचा हे त्यानं पुढच्या वर्षी शिकायचं.

माझं भांडण या बाद पद्धतीशी आहे. फॉरवर्डचं तिच्यात भागतं. एका सामन्यात दोन गोल केले की निवड समितीवाला वहीत नाव टिपून घेतो. स्टॉपर चुका करकरून तयार होतो, आणि चूक पचवायला लगेच दुसरा सामना लागतो.

कोल्हापूरचं कौतुक आपण ऐकत आलोय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, पेठांची ईर्ष्या, सगळं खरं. पण तिथं ईर्ष्येच्या जोडीला दर हंगामात साखळी स्पर्धा होते, हे सोलापूरकर विसरतात. हरलेला संघ पुन्हा मैदानात उतरतो. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात 2017 ला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. (तोही फॉरवर्डच, काय करणार!) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता, शाळांना चेंडूही दिले. एका दिवसात दहा लाख म्हणजे मोठीच गोष्ट. मला त्याऐवजी शंभर मुलं दहा महिने चालली असती.

करायचं फार नाही. शहरातल्या आठ शाळा घ्या. प्रत्येकीनं दुसरीशी दोनदा खेळायचं ठरलं तर आमच्या त्या स्टॉपरच्या वाट्याला चौदा सामने येतात. पावसाळा सरला की रविवारी सकाळी सातला सुरुवात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरेल तेव्हा सुट्टी, आणि फेब्रुवारीत ऊन तापायच्या आत कारभार आटोपता. चेंडू, फक्कीची पोती, पंचांचं मानधन, एवढाच खर्च.

क्रीडाशिक्षकांपुढं हे मांडलं की माना डोलावतात. एकानं मात्र खरी अडचण सांगितली. म्हणाले, ‘सर, बाद स्पर्धेचं उद्घाटन आणि बक्षीस समारंभ दोन-तीन दिवसांत होतो, एका फ्लेक्समध्ये काम भागतं. तुमच्या साखळीला तीन-चार महिने लागणार. तोवर पाहुण्यांचा फोटो फिका पडतो, मग नवा फ्लेक्स कुणी करायचा?’