गटार तपासा, शहराचं आणि सणसरचंही

डोळे पिवळे झाले की तुम्ही दवाखान्यात येता. पण हिपॅटायटिस ए किंवा ई झालेल्या माणसाच्या शौचातून विषाणू त्याच्या काही दिवस आधीच बाहेर पडू लागलेला असतो. लागण झालेल्या अनेकांचे डोळे तर पिवळे होतही नाहीत, त्यामुळे ते दवाखान्यात येत नाहीत. शौचाला मात्र सगळेच जातात. म्हणून साथीची बातमी डॉक्टरच्या आधी गटारात पोहोचते. प्रश्न एवढाच की ती वाचायला तिथे कुणी जातं का?

मुंबईत गेले. २००१ पासून तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधायला सुरुवात झाली. पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एखाद्यालाच लकवा होतो. लकव्याच्या रुग्णाची वाट पाहत बसलो तर बाकीचे सगळे नजरेतून सुटतात. कोविडच्या काळात पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी शहराच्या सांडपाण्यात कोरोनाचा माग काढला.

आणि गावात? सणसरसारख्या गावाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "तिथे भुयारी गटार नाही, उघड्या नाल्या आणि शोषखड्डे आहेत. नमुना घ्यायचा कुठून?" हे उत्तर मला पटत नाही. तुम्हीही ते पटवून घेऊ नका.

१९४८ साली इंग्लंडच्या ग्रामीण भागात ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडचा शोध घेताना गॉजची गुंडाळी दोरीला बांधून गटारात सोडली. तिच्यात जंतू अडकत गेले आणि त्यांवरून माग काढता आला. आजही ही युक्ती वापरतात. गॉज आणि दोरी कुठल्याही गावात मिळते.

पुढचं काम प्रयोगशाळेचं. नमुना बर्फात ठेवून नेतात. त्यातला गाळ वेगळा काढतात. पाण्यात विषाणू फार विरळ असतात, म्हणून विशिष्ट रसायन आणि मीठ घालून ते थोड्या पाण्यात गोळा करतात. मग त्यांचं जनुकीय द्रव्य काढून आरटी-पीसीआर करतात. कोविडमध्ये नाकातल्या स्रावाची केली, तीच चाचणी.

"पण पावसाचं पाणी मिसळलं तर?" शंका रास्त आहे. त्यावर उपाय मिरचीत सापडला! मिरचीच्या झाडावर पडणारा एक विषाणू जेवणातून आपल्या पोटात जातो आणि आपल्याला इजा न करता शौचातून बाहेर पडतो. तो किती आहे हे मोजलं की नमुन्यात माणसांची घाण किती आणि नुसतं पाणी किती, याचा अंदाज येतो.

दुसरा आक्षेप: "गावात टीसीएल पावडर टाकतात, ओटी चाचणी होते, मग हे कशाला?" ओटी चाचणी पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढंच सांगते. नेहमीची पाणी तपासणी जिवाणू शोधते, विषाणू नाही. जिवाणू मरतील एवढ्या क्लोरीनमध्ये काही विषाणू टिकून राहतात. या चाचण्या हव्यातच, पण त्यांनी भागत नाही.

तिसरा आक्षेप: "नमुने पोहोचवणार कोण?" एखाद्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर गाव कितीही लांब असो, त्याच्या शौचाचे नमुने थंड पेटीतून पोलिओच्या प्रयोगशाळेत जातात. लस थंड पेटीतून गावात येतेच. मग त्याच वाटेने आठवड्याला एक बाटली का जाऊ नये?

सणसरला याची गरज जास्त आहे. आषाढात तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते, लाखो वारकरी या रस्त्याने जातात. गळीत हंगामात भवानीनगरच्या कारखान्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. यात दोष ना वारकऱ्यांचा ना मजुरांचा. उलट दूषित पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच वाट्याला येतं. पालखीच्या आधी, मुक्कामात आणि नंतर फिरत्या शौचालयांच्या टाक्या आणि गावातली मुख्य नाली तपासली, तर पुढच्या गावांना सावध करता येईल. कोपीवर शौचालयच नसेल, तर मजुरांचा नमुना कुठल्याच नालीत येणार नाही. तेव्हा आधी तिथे शौचालय द्या.

या तपासणीच्या मर्यादाही ऐका. पीसीआरला विषाणूचे अवशेष सापडतात. तो जिवंत आहे का, हे त्यावरून कळत नाही. कोण आजारी आहे हेही कळत नाही, त्यामुळे कुणाचं नाव उघड व्हायची भीती नाही. आणि अहवाल कपाटात राहिला तर सगळी मेहनत वाया!

हिपॅटायटिस ई इतरांना बहुधा आठवड्यांत सोडतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात. त्या बाईच्या घरच्यांना पाणी उकळून प्यायला सांगण्यासाठी हाताशी मिळालेले चार दिवससुद्धा मोलाचे आहेत.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि दोन गोष्टी मागा: आपल्या नालीचा नमुना नियमित जाऊ द्या आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तोपर्यंत पाणी उकळून प्या आणि शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवा.